मत्स्यपेटीत शेवाळ वाढवताना दिव्याच्या रंगाबाबत या चुका टाळा

पाण्यातील नायट्रेट आणि फॉस्फेट शोषले जावे आणि मोली, प्लेको यांसारख्या माशांना ताजे खाद्य मिळावे, म्हणून पेटीबाहेर पाणी वाहणाऱ्या खरबरीत जाळीवर हिरवे शेवाळ मुद्दाम वाढवतात. ते नीट वाढले नाही की बहुतेक जण दिवा बदलतात आणि तेथेच पहिली चूक करतात: दिवा किती उजळ आहे हे ते स्वतःच्या डोळ्याने ठरवतात.

आपला डोळा ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या (प्रकाशाचा रंग या मापाने सांगतात) आसपासच्या पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो आणि दिव्याच्या खोक्यावरचे ल्युमेनही (उजेडाचे माप) त्याच मापाने मोजलेले असतात. हरितद्रव्य मात्र मुख्यतः ४३० ते ४५० नॅनोमीटरचा निळा आणि ६६० नॅनोमीटरजवळचा गडद लाल प्रकाश शोषते. जर्मन शास्त्रज्ञ एंगेलमान यांनी १८८२ साली हिरव्या शेवाळाच्या धाग्यावर लोलकातून प्रकाश टाकला, तेव्हा प्राणवायूकडे धावणारे जीवाणू लाल आणि निळ्या पट्ट्यांपाशीच गोळा झाले होते. मी स्वतः ६६० नॅनोमीटरची एलईडी दिव्यांची पट्टी मंद वाटली म्हणून काढून ठेवली आणि झगझगीत कूल व्हाइट (निळसर पांढरी) पट्टी लावली. दोन आठवड्यांनी जाळीवर हिरव्या धाग्यांऐवजी तपकिरी, बुळबुळीत थर हाताला लागला.

केवळ ‘लाल’ म्हणून दिवा घेणे ही दुसरी चूक होय. सजावटीच्या रंग बदलणाऱ्या पट्ट्यांतील लाल साधारण ६२० ते ६३० नॅनोमीटरचा असतो. त्यावरही शेवाळ वाढते, पण हरितद्रव्य तो ६६० इतका शोषत नाही. पांढऱ्या दिव्यावर लाल जिलेटीन कागद लावण्यात तर काहीच अर्थ नाही, कारण कागद नवा लाल प्रकाश निर्माण करत नाही, उरलेले रंग फक्त अडवतो. म्हणून तरंगलांबी छापलेलाच दिवा घ्यावा. माझ्याकडे तीन-चार लाल एलईडींमागे एक निळा हे प्रमाण चांगले चालले आहे. तसा दिवा मिळाला नाही, तर कूल व्हाइटपेक्षा वॉर्म व्हाइट (पिवळसर पांढरा) बरा.

रंग योग्य असूनही शेवाळ फिकट पिवळे पडत असेल, तर प्रकाश बहुधा जास्त आहे किंवा पाण्यात पोषण कमी आहे. अशा वेळी दिवा थोडा लांब सरकवावा किंवा टायमरवर तास कमी करावेत. जाळी काळपट, चिकट दिसत असेल, तर बहुधा प्रकाश कमी पडतो आहे. दोन गोष्टी एकाच दिवशी बदलू नयेत आणि परिणामासाठी किमान आठवडा द्यावा.

सोलापूरच्या उन्हाळ्यात पारा चाळिशीपार गेला की बंद झाकणाखाली एलईडी तापतो, त्याचा प्रकाश घटतो आणि आयुष्यही कमी होते. हीट सिंक (दिव्याची उष्णता बाहेर टाकणारा धातूचा भाग) झाकणाबाहेर मोकळ्या हवेत ठेवावे आणि शेवाळाचा दिवा पेटीचा मुख्य दिवा विझल्यावर, रात्री लावावा. त्यामुळे उष्णता टळते, शिवाय पेटीतील वनस्पती रात्री प्राणवायू वापरत असताना जाळीवरचे शेवाळ तो तयार करत राहते आणि पाण्याच्या सामूतही (पीएच) फारसा चढउतार होत नाही.

एक बारीक गोष्ट सहज नजरेतून सुटते. बोअरचे जड पाणी वापरत असाल, तर उडालेल्या थेंबांचा पांढरा क्षार दिव्याच्या काचेवर साचतो आणि प्रकाश महिन्यागणिक कमी होत जातो. नवा दिवा आणण्यापूर्वी दिव्याचे बटण बंद करून ती काच व्हिनेगरमध्ये भिजवलेल्या फडक्याने पुसावी, मग कोरडी करून दिवा पुन्हा लावावा.