प्लास्टिकमधला टिश्यू रंगवताना

डीएमएलटी (लॅब टेक्नॉलॉजीचा डिप्लोमा) करून हिस्टोलॉजी लॅबमध्ये, म्हणजे टिश्यू तपासणाऱ्या लॅबमध्ये, येणाऱ्या मुलामुलींचा हात पॅराफिनवर, म्हणजे मेणात बसवलेल्या टिश्यूवर, बसलेला असतो. झायलीनने मेण काढायचं, अल्कोहोलच्या पायऱ्या उतरत पाण्यापर्यंत यायचं, मग केंद्रक निळं रंगवणारं हिमॅटॉक्सिलिन, मग बाकीचं गुलाबी करणारं इओसिन. मेणाऐवजी प्लास्टिकमध्ये टिश्यू बसवलेला ब्लॉक समोर आला की नेमकी हीच सवय आड येते. म्हणून नवीन कोणी आलं की स्टेनची बाटली उघडण्याआधी मी त्यांना एकच गोष्ट विचारायला लावते: हा ब्लॉक कुठल्या प्लास्टिकचा आहे?

पुढचं सगळं त्या उत्तरावर ठरतं. ग्लायकॉल मेथॅक्रिलेट, म्हणजे जीएमए, सेक्शनमधून (ब्लॉकच्या पातळ कापातून) काढता येत नाही. पण ते पाणी शोषतं, त्यामुळे पाण्यात केलेला रंग त्यातून पेशींपर्यंत पोचतो. मिथाइल मेथॅक्रिलेटचं, म्हणजे एमएमएचं, उलटं आहे. ते पाण्याला दाद देत नाही, पण योग्य द्रावकात विरघळतं. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपीसाठी वापरतात ते इपॉक्सी सगळ्यांत चिवट.

जीएमएचे सेक्शन एक-दोन मायक्रॉनचे असतात. साध्या तापमानाच्या पाण्यावर ते आपोआप पसरतात, कोमट पाणी लागत नाही. हिमॅटॉक्सिलिनला मात्र पॅराफिनपेक्षा बराच जास्त वेळ द्यावा लागतो. अल्कोहोल इथे जपून वापरा: त्याने जीएमए फुगतं, मऊ होतं आणि सेक्शन सुरकुततो किंवा काचेवरून सुटतो. म्हणून इओसिन पाण्यातलं घ्यायचं आणि शेवटी अल्कोहोलच्या पायऱ्या न चढता स्लाइड हवेत पूर्ण सुकवून डीपीएक्स (कव्हरस्लिप चिकटवायचं माध्यम) लावायचं. प्लास्टिक स्वतःही थोडा रंग धरतं, त्यामुळे पार्श्वभूमी गुलाबी दिसली तर घाबरू नका, नीट धुऊन घ्या. एवढी खटपट कशासाठी? त्या पातळ सेक्शनमध्ये केंद्रकातलं क्रोमॅटिन असं स्वच्छ दिसतं की पुन्हा पॅराफिनकडे वळताना जीवावर येतं.

इपॉक्सीच्या अर्ध्या-एक मायक्रॉनच्या सेक्शनला माझी पहिली पसंती टोल्युइडीन ब्लू. बोरॅक्समुळे द्रावण अल्कलाइन होतं आणि त्या चिवट रेझिनमधूनही रंग आत शिरतो. स्लाइड हॉट प्लेटवर ठेवा, गाळलेल्या रंगाचा थेंब सेक्शनवर सोडा आणि थेंबाच्या कडेकडे बघत राहा. कडेला सोनेरी-हिरवट झाक आली की लगेच उचला. थेंब पूर्ण वाळला तर रंगाचे खडे सेक्शनवर बसतात आणि मग ते हटता हटत नाहीत. धुताना पाण्याची धार थेट सेक्शनवर सोडू नका, बाजूने सोडा. ऑस्मियम (चरबी पक्की धरून ठेवणारं रसायन) दिलेल्या नसेच्या बायोप्सीत मायलिनची, म्हणजे मज्जातंतूभोवतीच्या आवरणाची, गडद निळी कडी एकेक मोजता येईल इतकी रेखीव उठते. कुष्ठरोगातल्या नसेचं नुकसान अभ्यासायला आपल्याकडे या सेक्शनचा मोठा उपयोग होतो.

एमएमए मुख्यतः हाडासाठी. ऑस्टिओमलेशियात, म्हणजे हाडं मऊ होण्याच्या आजारात, हाडाचा किती भाग कॅल्शियमविना राहिला आहे, हेच तर बघायचं असतं. आधी ॲसिडने कॅल्शियम काढून टाकलं तर तो फरकच पुसला जातो. त्यामुळे हाड कडक असतानाच एमएमएमध्ये बसवतात आणि टंगस्टन कार्बाइडच्या सुरीने कापतात. स्टेनआधी प्लास्टिक विरघळवून काढतात. गोल्डनर ट्रायक्रोम या स्टेनमध्ये पक्कं हाड हिरवं आणि ऑस्टिऑइड (कॅल्शियम न बसलेलं हाड) लालसर दिसतं, तर फॉन कोसा स्टेनमध्ये खनिज काळं होतं.

जपायचं ते आधीच सांगते. मेथॅक्रिलेटचा मोनोमर (घट्ट होण्याआधीचा द्रव) लेटेक्सच्या हातमोज्यांतून सहज पार होतो आणि एकदा त्वचेला ॲलर्जी जडली की ती सहसा जात नाही. नायट्राइलचे मोजे घाला, द्रव सांडला की ताबडतोब बदला. मिसळण्याचं काम फ्यूम हूडखालीच करा. प्लास्टिक घट्ट व्हायला सुरुवात करून देणाऱ्या बेंझॉइल पेरॉक्साइडला उष्णतेपासून आणि घासण्यापासून लांब ठेवा, कोरडी पावडर स्फोटक असते.

आणि हाडाच्या बायोप्सीआधी पेशंटला टेट्रासायक्लिन (नव्याने बनणाऱ्या हाडात बसणारं अँटिबायोटिक) दिलेलं असेल, तर दोन-तीन सेक्शन न रंगवता बाजूला काढून अंधारात ठेवा. हाड कुठल्या वेगाने बनतंय ते या औषधाच्या चमकणाऱ्या पिवळ्या रेघांमधल्या अंतरावरून कळतं, आणि त्या रेघा फ्लुरोसन्स मायक्रोस्कोपखाली बिनरंगी सेक्शनवरच बघायच्या असतात.