रेटिंगवरून दिग्दर्शकाचे भाग क्रमाने लावताय? या चुका टाळा

रायन जॉन्सनने 'ब्रेकिंग बॅड' या अमेरिकन मालिकेचे तीनच भाग दिग्दर्शित केले: 'फ्लाय' (2010), 'फिफ्टी-वन' (2012) आणि 'ऑझिमँडियस' (2013). प्रेक्षक जिथे गुण देतात त्या आयएमडीबी या संकेतस्थळावर 'ऑझिमँडियस' कित्येक वर्षं 10 पैकी 10 मिरवत होता. 'फ्लाय' मात्र 8 च्याही खाली, अख्ख्या मालिकेत तळाला. माणूस तोच. मग अशी यादी लावून आपण नेमकं मोजलं काय?

सगळ्यात मोठी चूक इथेच होते. भागाला मिळालेले गुण आपण थेट दिग्दर्शकाच्या खात्यात टाकतो. 'ऑझिमँडियस'मध्ये पाच सीझन साठत आलेलं सगळं एकदम फुटतं, आणि ते मॉइरा वॉली-बेकेटच्या पटकथेतच आहे. 'फ्लाय'च्या लेखनातही तिचं नाव आहे, पण तो भाग खर्च आवरायला जवळजवळ सगळा एकाच लॅबमध्ये उरकलेला: दोन पात्रं आणि एक माशी. पुढे काय होतं याची घाई झालेल्या प्रेक्षकाने तिथे हात आखडता घेतला, यात नवल नाही. मला विचाराल तर दिग्दर्शकाचं काम त्या माशीवाल्या भागातच जास्त दिसतं. गंमत म्हणजे अमेरिकेतल्या डायरेक्टर्स गिल्डचं पारितोषिक मिळालं ते मधल्या 'फिफ्टी-वन'ला!

म्हणून आकडा सुटा वाचू नका, शेजारच्या भागांशी ताडून बघा. मिगेल सापोचनिकचा 'बॅटल ऑफ द बास्टर्ड्स' 9.9 च्या घरात, त्यासाठी त्याला 2016 चा एमी हा टीव्ही पुरस्कारही मिळाला. 'गेम ऑफ थ्रोन्स'मधलाच त्याचा 'द बेल्स' (2019) सहाच्या आसपास. सरळ यादीत हा शेवटी जाणार. पण त्याच्या आधीचा भाग साडेपाचच्या आसपास आणि नंतरचा, म्हणजे मालिकेचा शेवट, चारच्या. कथेवर चिडलेल्या लोकांनी अख्ख्या सीझनला झोडपलं, त्यातही हा दोन्ही शेजाऱ्यांच्या वरच राहिला.

आयएमडीबीवर दिसतो तो आकडा साधी सरासरी नसतो, मतांना कमी-जास्त वजन देऊन काढलेला असतो. तेव्हा 9.8 वर की 9.9 वर, यावरून वाद घालण्यात अर्थ नाही. दोन्ही एकाच पायरीवर ठेवा. मतं किती पडली ते आणि आकडा कोणत्या तारखेला घेतला ते शेजारी लिहा, कारण आकडे हलतात. तीन भागांची सरासरी काढून दिग्दर्शकाला 'गुण' देऊ नका.

दिग्दर्शकाच्या भागांची यादी आणि रेटिंगची यादी एक्सेलमध्ये जोडताना एखादी ओळ रिकामी आली, तर आधी सीझनचा क्रमांक तपासा. 'ब्रेकिंग बॅड'चा पाचवा सीझन 16 भागांचा, पण 2012 आणि 2013 असा दोन तुकड्यांत आला. कुणी दुसऱ्या तुकड्याला वेगळा सीझन मानलं की 'ऑझिमँडियस' चौदावा न राहता सहावा होतो आणि जोडणी चुकते. भागाचं नाव आणि प्रसारणाची तारीख यांवरून जोडा.

मराठी दैनंदिन मालिकांवर हा प्रयोग करायचा मोह होईल. तिथे भागागणिक रेटिंग द्यायला फारसं कुणी जात नाही, म्हणून मग टीआरपी उचलून रकाना भरला जातो. टीआरपीवरून मालिका किती पाहिली गेली ते कळतं. आवडली की नुसती जेवताना चालू होती, ते नाही.