प्रबंधाची फुकट तपासणी: आधी फॉन्ट बघा, मग टक्का

जूनमध्ये भर पावसात कागलचे एक सर लॅपटॉप प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून माझ्या दुकानात आले. कोल्हापुरात राजारामपुरीत माझं टायपिंग आणि बाइंडिंगचं दुकान आहे, १६ वर्षं मी प्रबंध टाइप करते. मजकूर दुसरीकडून उचललेला आहे का हे फुकट तपासणाऱ्या वेबसाइटवर त्यांनी प्रबंध टाकून बघितला होता, आणि सर खुशीत होते. "ताई, तिन्ही प्रकरणांत शून्य टक्के आलंय बघा! आता बाइंडिंगलाच घ्या."

मी स्क्रीन बघितली. तपासणीच्या पेटीत मराठी नव्हतंच. इंग्रजी अक्षरं, चिन्हं, मधेच एखादा आकडा असा नुसता गोंधळ होता. सरांनी सगळा प्रबंध श्री-लिपीत टाइप करून घेतला होता. अशा जुन्या फॉन्टमध्ये आत साठतात ती इंग्रजी अक्षरांची चिन्हं, फॉन्ट फक्त त्यांना मराठीचा आकार देतो. तो मजकूर वेबसाइटवर चिकटवला की फॉन्ट गळून पडतो आणि खालचं कडबोळं उरतं. तसलं कडबोळं जगात कुठंच छापलेलं नसतं, म्हणून शून्य टक्के. त्या शून्याला काही अर्थ नव्हता.

म्हणून मराठी प्रबंधाची तपासणी इथून सुरू करा. एक परिच्छेद उचलून नोटपॅडमध्ये किंवा स्वतःलाच व्हॉट्सॲपवर चिकटवा. मराठी दिसली तर मजकूर युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकाला मराठी म्हणूनच वाचता येणाऱ्या पद्धतीत आहे, पुढं जा. नाही दिसली तर आधी कन्व्हर्टरमधून युनिकोड करून घ्या, आणि मग ओळ न् ओळ वाचा. रफार सरकतात, जोडाक्षरं तुटतात, आणि सगळ्यात महागात पडतं ते म्हणजे अवतरण चिन्हं गायब होतात. पीडीएफमधून मजकूर उचलू नका, तिथं वेलांट्या आणि काने विस्कटून येतात. वर्डची फाइलच वापरा.

सरांचं तिसरं प्रकरण मी युनिकोड केलं आणि पहिले १,००० शब्द तपासले. ३१ टक्के आलं. सरांचा चेहरा उतरला. मी म्हटलं, टक्का सोडा, साइटनं जुळतात म्हणून रंगवलेली वाक्यं बघू. प्रत्येक वाक्यावर बोट ठेवून आम्ही वाचत गेलो तेव्हा त्यात तीन वेगळ्या गोष्टी निघाल्या.

पहिली, शाहू महाराजांनी २६ जुलै १९०२ रोजी ५० टक्के जागा मागासवर्गीयांसाठी राखून ठेवण्याचा आदेश काढला, हे वाक्य. ते शेकडो पानांवर जवळजवळ त्याच शब्दांत सापडतं. ती सर्वांना ठाऊक असलेली माहिती आहे, चोरी नव्हे. दुसरी, एका जुन्या हुकुमाचा मोठा उतारा. सरांनी तो अवतरणात घातला होता, खाली संदर्भही दिला होता, पण रूपांतरात चिन्हं उडाली आणि उतारा उघडा पडला. तिसरी गोष्ट मात्र खरी होती. तीन परिच्छेद एका वेबसाइटवरचे होते, शब्दाला शब्द. सरांनी आठ वर्षांपूर्वी ते वहीत उतरवून घेतले, कुठून घेतले ते लिहिलं नाही, आणि पुढं ते स्वतःचंच लिखाण समजून प्रबंधात आले. सर बराच वेळ गप्प बसले. माणूस सचोटीचा आहे, म्हणूनच त्यांना ते लागलं. मला वाटतं आपल्याकडं बहुतेक उचलेगिरी अशीच होते, वहीतून.

या तीन गोष्टी वेगळ्या करता येणं हीच तपासणी. यंत्र फक्त सारखेपणा दाखवतं, चोरी कुठली ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

नियम काय आहे ते आधी माहीत असू द्या. यूजीसीची, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाची २०१८ ची नियमावली आहे. साम्य १० टक्क्यांपर्यंत असेल तर दंड नाही. १० ते ४० असेल तर प्रबंध सुधारून ठरलेल्या मुदतीत परत द्यायचा, ती मुदत जास्तीत जास्त ६ महिने. ४० ते ६० असेल तर एक वर्ष सुधारित प्रबंध देताच येत नाही. ६० च्या वर गेलं तर नोंदणी रद्द. संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना, ऋणनिर्देश, रीतसर श्रेय दिलेली अवतरणं, कायद्यांचा मजकूर हे यात धरत नाहीत. फुकटच्या साइट मात्र हे काही वगळत नाहीत, म्हणून पेटीत टाकायच्या आधी संदर्भसूची तुम्हीच काढून ठेवा.

आता साधनांकडं. कुठलं चांगलं असं मुलं विचारतात. मी सांगते, स्वतःची चाचणी घ्या. मी एक पान तयार करून ठेवलंय. त्यात एक परिच्छेद मराठी विकिपीडियावरून जसाच्या तसा, दुसरा त्याच विकिपीडियावरचा पण शब्द बदललेला, तिसरा करवीर नगर वाचन मंदिरातून आणलेल्या एका जुन्या पुस्तकातला, आणि चौथा माझा स्वतःचा. हे पान तीन साइटवर टाकलं. पहिला परिच्छेद तिघांनी पकडला. शब्द बदललेला फक्त एकीनं, तोही अर्धा. पुस्तकातला कुणालाच सापडला नाही, आणि सापडणार तरी कसा? १८५० पासूनच्या त्या वाचनालयातली कितीतरी पुस्तकं इंटरनेटवर नाहीतच. या साइट तुमच्या वाक्याचे तुकडे करून उघड्या वेबपानांवर शोधतात. पैसे भरून वाचायची नियतकालिकं, छापील पुस्तकं, स्कॅन केलेले जुने प्रबंध त्यांच्या नजरेबाहेर राहतात. असं चार परिच्छेदांचं पान तुमच्या विषयावर बनवा, अर्ध्या तासाचं काम आहे. कोणती साइट तुमच्या कामाची आणि कोणती नाही ते लगेच कळेल.

डुप्लीचेकर आणि स्मॉल एसईओ टूल्स या दोन फुकट साइटवर एका वेळी साधारण १,००० शब्द टाकता येतात. २०० पानांच्या प्रबंधाला हे पुरत नाही, पण सगळा प्रबंध टाकायची गरजही नसते. पूर्वसंशोधनाचा आढावा आणि सैद्धांतिक चौकट ही दोन प्रकरणं आधी टाका. उचललेलं तिथंच सापडतं. तुमचं सर्वेक्षण, मुलाखती, तक्ते टाकून वेळ घालवू नका. ग्रामरली इंग्रजी सारांशासाठी ठीक आहे, पण फुकटात ते साम्य आहे एवढंच सांगतं, नेमकं कुठलं वाक्य कुठून आलं ते बघायला पैसे मागतं.

मला सगळ्यात भरवशाचं वाटतं ते साधं गूगल. संशय असलेल्या वाक्यातले आठ-दहा शब्द दुहेरी अवतरण चिन्हांत घालून शोधायचे. वाक्याची सुरुवात घेऊ नका, मधला भाग घ्या, कारण सुरुवात लोक बदलतात आणि मधलं तसंच ठेवतात. मराठीत एक अडचण येते. ‘ऱ्या’ दोन पद्धतींनी टाइप होतो, ‘ॲ’ सुद्धा. डोळ्याला सारखेच दिसतात, संगणकाला वेगळे. म्हणून असली अक्षरं नसलेला तुकडा निवडा. तोच तुकडा गूगल स्कॉलरवर आणि शोधगंगेवरही बघा, तुमच्या विषयावरचे आधीचे प्रबंध शोधगंगेवर असतात.

एका मार्गदर्शकांकडच्या पाच विद्यार्थ्यांचे प्रबंध आपापसांत जुळतात का हे बघायचं असेल तर डब्ल्यूकॉपीफाइंड नावाचा फुकट प्रोग्राम आहे. व्हर्जिनिया विद्यापीठातल्या भौतिकशास्त्राच्या एका प्राध्यापकांनी तो केला. तो तुमच्याच विंडोज संगणकावर चालतो आणि तुम्ही दिलेल्या फायली एकमेकींशी ताडून बघतो, फाइल बाहेर जात नाही.

फाइल बाहेर जाणं ही काळजीची गोष्ट आहेच. अप्रकाशित प्रबंध कुठल्याही अनोळखी साइटवर आख्खा चढवू नका. टाकलेला मजकूर ती साइट साठवते का, हे तिच्या अटींत वाचा. मुलाखत दिलेल्या लोकांची नावं, गावं आधी काढा. विद्यापीठाच्या ग्रंथालयातून मसुदा तपासून घेतानाही तो साठवायचा नाही असं आधीच सांगा, नाहीतर अंतिम प्रत तपासताना ती तुमच्याच मसुद्याशी जुळते आणि भलताच टक्का येतो.

रंगवलेल्या वाक्यांचं काय करायचं? ‘टक्का कमी करून देतो’ म्हणणारी माणसं आहेत आणि वाक्य फिरवून देणाऱ्या साइटही आहेत. माझ्याकडं असं फिरवून आणलेलं एक प्रकरण आलं होतं. त्यात ‘कोल्हापूर संस्थान’चं ‘कोल्हापूर संस्था’ झालं होतं आणि ‘जाहीरनाम्या’ची ‘जाहिरात’. त्या मुलीची चार वर्षांची मेहनत त्या दोन शब्दांनी मातीत गेली असती. उतारा मोलाचा असेल तर तसाच ठेवा, दुहेरी अवतरणात घाला, पान क्रमांकासह संदर्भ द्या. मोलाचा नसेल तर मूळ पान बंद करा, त्यातलं काय कळलं ते कुणाला तरी तोंडी सांगा, आणि सांगितलं तसं लिहा. संदर्भ तरीही द्यायचाच, कारण शब्द तुमचे असले तरी विचार त्यांचा आहे. इंग्रजी लेखाचं मराठी करून घातलं तर कुठलीच फुकट साइट ते पकडणार नाही, पण ते दुसऱ्याचंच राहतं. तिथंही नाव द्या.

फुकट तपासणीचा अहवाल विद्यापीठात चालत नाही. तिथं शोधशुद्धी योजनेतून आलेलं सॉफ्टवेअर असतं. ही योजना २०१९ मध्ये सुरू झाली, विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट केंद्र ती चालवतं. आधी उर्कुंड होतं, नंतर ड्रिलबिट आलं. त्यांचा साठा मोठा, म्हणून घरी ४ टक्के आलेलं तिथं १२ होऊ शकतं. तेव्हा जमा करायच्या आदल्या दिवशी नव्हे, निदान महिनाभर आधी ग्रंथालयात जा.

कागलच्या सरांनी ते तीन परिच्छेद काढून टाकले आणि त्या जागी दीड पान स्वतः लिहून आणलं. आता त्यांच्या वहीत प्रत्येक नोंदीशेजारी लाल शाईत पुस्तकाचं नाव आणि पान क्रमांक असतो.