चाळिशीत पेटी : सा सरकला की काय होतं

चाळिशीनंतर पेटीवर (हार्मोनियमवर) बोटं वळत नाहीत, हे निम्मं खोटं आहे. वळतात, उशिरा वळतात. खरी अडचण घाईची. पोरं महिनोन् महिने अलंकार, म्हणजे सरगमचे पलटे, घोटतात, मास्तर सांगतात म्हणून. आपल्याला मात्र पुढच्या एकादशीला देवळात हरिपाठ वाजवून दाखवायचा असतो. या घाईतूनच तो घोळ होतो ज्यात मी पुरता अडकलो, म्हणून बाकीचं थोडक्यात आणि हे सविस्तर सांगतो.

क्लासमध्ये सा पांढरी एकवर, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या पांढऱ्या पट्टीवर. वहीत सरगम लिहिलेली, मोबाइलवर ‘झटपट अभंग शिका’चे व्हिडिओ. चाल बसते, घरचेही वा वा करतात. मग गावात सप्ताह लागतो. आमच्या परभणी-हिंगोलीकडं टाळकरी रग्गड, पेटीला माणूस मिळत नाही, त्यामुळं ‘येतं ना थोडंफार, बसा’ म्हणून बसवतात. बुवा आपल्या गळ्याच्या सोयीनं काळी दोनवर सा धरतात. त्यांना तुमच्या वहीशी काय देणंघेणं? पखवाज सुरू झालेला, आणि आपली बोटं जुन्याच पट्ट्यांवर. ‘काय वाजवायलात दादा?’ हे माइकवरून सगळ्या मांडवानं ऐकलं की डावा हात भाता मारायचाच थांबतो.

तोवर पाठ झालेल्या असतात त्या पट्ट्या. चाल पाठच झालेली नसते. एका सप्तकात 12 पट्ट्या, 7 पांढऱ्या आणि 5 काळ्या. आता रंग विसरा. शुद्ध स्वर वाजवताना सा वरून रे ला जायचं तर मधली एक पट्टी सोडायची. रे वरून ग ला तसंच. ग वरून म मात्र लगेच शेजारी, मध्ये काही नाही. पुढं म-प, प-ध, ध-नि पुन्हा एकेक सोडून, आणि नि ला लागून वरचा सा. संपलं. सा कुठंही न्या, हा हिशोब बदलत नाही.

भूप राग घ्या : सा रे ग प ध. पांढरी एकपासून वाजवला तर पांढऱ्या 1, 2, 3, 5, 6. काळी एकपासून वाजवला तर काळी 1, काळी 2, मग पांढरी 4, पुढं काळी 4, काळी 5. त्या पांढऱ्या चारपाशीच बोट अडखळतं, कारण हात काळ्यांवर उचललेला असतो. आता काळी तीनपासून वाजवून बघा. पाचही काळ्या, पांढरीला बोटसुद्धा लागत नाही! राग तोच, अंतरं तीच.

म्हणून रोज एकच अलंकार घ्या, पण पांढरी 1, काळी 1, काळी 2 आणि पांढरी 4 अशा चार ठिकाणांहून. आधी तोंडानं म्हणा, मग वाजवा. गळा कसाही असो, म्हणाच. कंटाळा येतो, मान्य. हे टाळून पुढं जाल तर वर्षानंतरही मांडवात तीच फजिती.

आणि तरी घाबरू नका. हरिपाठाच्या, गजराच्या चाली बऱ्याचदा एका सप्तकातच फिरतात. अडलात तर बुवांचा सा आणि पंचम (प) धरून बसा, कुणी उठवत नाही.

‘स्केल चेंजर घ्या, प्रश्नच मिटतो’ असं दुकानदार सांगतील. त्यात पट्ट्यांची अख्खी रांगच सरकते, बोटं जुन्याच जागी राहतात. शिकायच्या काळात मला हा पैसे देऊन विकत घेतलेला आळस वाटतो. शिवाय देवळातली पेटी साधीच असते.

गुरुजींबद्दलही स्पष्ट बोलतो. पहिल्याच दिवशी परीक्षेचा फॉर्म पुढं करणाऱ्यांपासून जरा लांब राहा. गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या ‘प्रारंभिक’पासून ‘अलंकार’पर्यंतच्या (हे परीक्षेचं नाव) परीक्षा चांगल्या आहेत, शिस्त लागते. पण परीक्षेत सा आपल्या सोयीचा असतो, भजनात बुवांच्या सोयीचा. भजनाला साथ करणारा म्हातारा पेटीवाला सापडला तर त्याच्या शेजारी नुसतं बसायला जा. शास्त्रीयवाले नाक मुरडतील, पेटीत मींड, म्हणजे एका सुरावरून दुसऱ्यावर न तुटता घसरत जाणं, निघत नाही म्हणतील. ते खरंच आहे. आकाशवाणीनंही 1940 पासून 1971 पर्यंत पेटीवर बंदी घातली होती. पण भजनी मंडळात तिच्यावाचून भागत नाही, त्यामुळं हे वाद ऐकून घ्यायचे आणि सोडून द्यायचे.

जुनी पेटी घेणार असाल तर भाता भरा आणि एकही पट्टी न दाबता बघा. भाता लगेच बसत गेला तर हवा गळतेय. एखादा सूर आपोआप वाजत राहिला तर पट्टी अडकतेय. मग प्रत्येक पट्टी एकेकटी वाजवून ऐका, काळ्यासुद्धा. आणि घरी आणल्यावर एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत ठेवू नका, लाकूड तडकतं.