माझा अनुभव: शेरूचा अधूनमधून आखडणारा पाय

आमचा शेरू लॅब्रॅडॉर, वर्षाच्या आतला. झोपेतून उठला की कधी पुढचा डावा पाय आखडायचा, काही दिवसांनी मागचा उजवा. मध्येच ठणठणीत, अजिंक्यताऱ्याचा चढ पळत जायचा. दवाखान्यात मात्र नेमका सरळ चालायचा! म्हणून लंगडताना मोबाईलवर व्हिडिओ काढले, कोणता पाय, कधी, तेही लिहून ठेवलं. सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला.

साताऱ्यातल्या डॉक्टरांनी व्हिडिओ बघून पायाची लांब हाडं दाबली, तसा शेरू कळवळला. गोचीडतापासाठी रक्त तपासलं (आपल्याकडे गोचिड्या फार, ही तपासणी टाळू नका), मग एक्स-रे. निदान पॅनोस्टायटिस: मोठ्या जातीच्या वाढत्या कुत्र्यांमध्ये हाडांना येणारा दाह, पाय बदलत दुखणारा. वाढ पूर्ण होईपर्यंत बहुतेकदा आपोआप थांबतो. दुखेल तेव्हा विश्रांती आणि डॉक्टरांनी दिलेली गोळी, एवढाच उपचार. माणसांची आयबुप्रोफेन, पॅरासिटामॉल कृपया देऊ नका, जिवावर बेतू शकतं.

शेजारचे काका कॅल्शियम सुचवत होते. डॉक्टरांनी स्पष्ट नाही म्हटलं. पिल्लांच्या संतुलित खाद्यावर वरून दिलेलं कॅल्शियम मोठ्या जातीच्या वाढत्या हाडांना अपाय करू शकतं. शेरूचं लंगडणं आता थांबलंय.