लेनिनग्राड बोर्ड दुरुस्त करताय? या चुका टाळा

१९८२ च्या झेडएक्स स्पेक्ट्रम या सिंक्लेअर कंपनीच्या ब्रिटिश घरगुती संगणकाच्या सोव्हिएत नकला अनेक झाल्या. त्यांतली सेर्गेई झोनोव्हची ‘लेनिनग्राड’ बांधायला सोपी, म्हणून खूप पसरली. ती दुरुस्त करताना सर्वांत महागात पडते ती सिंक्लेअरच्या मूळ यंत्राची सर्किट-आकृती समोर ठेवण्याची चूक. मूळ यंत्रात पडदा, कळफलक आणि टेप सांभाळणारी फेरांटीची एक खास चिप होती. इथे तेच काम साध्या लॉजिक चिपांवर वाटून दिलंय. आकृती हवी ती तुमच्याच बोर्डाची.

चिपांवरची अक्षरं सिरिलिक असतात, हेही विसरू नका. तिथला ‘र’ रोमन ‘पी’सारखा आणि ‘उ’ रोमन ‘वाय’सारखा दिसतो. त्यामुळे के-५६५-रू-५ ही मेमरी चिप ‘पीवाय५’ म्हणून शोधाल तर हाती काही लागणार नाही. तिची पाश्चात्त्य जोडीदार ४१६४.

याच चिपवर घाईत मोठं नुकसान होतं. १६ पायांच्या बहुतेक लॉजिक चिपांना पाच व्होल्ट १६ नंबरच्या पायावर आणि ग्राउंड ८ वर असतं. ४१६४ ला बरोबर उलट: ८ वर पाच व्होल्ट, १६ वर ग्राउंड. सवयीनं मीटर लावला की ‘सप्लाय उलटा आलाय’ असं वाटतं आणि लोक चांगल्या तारा कापून बसतात. झेड-८० या प्रोसेसरला सप्लाय ११ वर, ग्राउंड २९ वर. प्रोसेसरच्या पायांवरच ४.७५ ते ५.२५ व्होल्ट मिळतात का ते आधी बघा. मग ६ वर ३.५ मेगाहर्ट्झ क्लॉक आणि २६ वर रिसेट सुटतोय का, हे तपासा.

आता पडद्यावरचे पट्टे. एक रकाना काळा, शेजारचा पांढरा आणि त्यात निळ्या उभ्या रेघा, असं चित्र दिसलं की बरेच जण आठही मेमरी चिपा उपटतात. थांबा. रॉम (कायमचा प्रोग्राम असलेली चिप) उत्तर देत नसेल तर डेटाच्या सगळ्या रेषा वरच राहतात आणि प्रोसेसर ‘एफएफ’ वाचतो. ती आज्ञा त्याला ३८ (हेक्स) या पत्त्यावर पाठवते, तिथेही एफएफच. प्रत्येक फेरीला परतीचा पत्ता, ००३९, स्टॅकवर (परतीचे पत्ते ठेवायच्या मेमरीतल्या जागेवर) पडतो आणि शेवटी सगळी मेमरी ०० आणि ३९ नं भरते. पडद्यावर दिसतात ते हेच बाइट. म्हणजे प्रोसेसर, मेमरी आणि चित्राचा भाग बहुतांशी धडधाकट आहे. रॉम, तिचं सॉकेट आणि तिला निवडणारी रेषा तपासा. रॉम म्हणून ईप्रॉम (अतिनील प्रकाशानं पुसली जाणारी चिप) असेल आणि तिच्या खिडकीवरचा स्टिकर गळून पडला असेल तर आतला मजकूरही वाचून पडताळा.

मेमरीच खराब असेल तर खूण वेगळी असते. दर आठ ठिपक्यांत एकाच जागी रेघ दिसते. डावीकडचा पहिला ठिपका डी७ या डेटा-बिटाचा, उजवीकडचा शेवटचा डी० चा. प्रत्येक बिटाला एक चिप, म्हणून तेवढी एकच बदला. मात्र सुरू होताना काळ्यावर क्षणभर लाल उभ्या रेघा येतात तो बिघाड नव्हे. रॉम मेमरी तपासताना सगळीकडे ०२ लिहिते.

चिप बदलताना आधी तिचे पाय कापा, मग एकेक पाय तापवून काढा. अख्खी चिप उपटायला गेलात तर ट्रॅक उचलून येतात. सोव्हिएत पायांतलं अंतर २.५ मिमी, बाहेरच्यांचं २.५४. चाळीस पायांच्या चिपला एका बाजूला १९ अंतरं, म्हणजे टोकाला ०.७६ मिमीचा फरक. गोल पिनांचं सॉकेट दाबून बसवू नका. सॉकेटची पट्टी पाच-पाच पिनांत कापून लावा.

जुना बोर्ड विकत घेताना हिरवे चौकोनी कपॅसिटर जागेवर आहेत का ते पाहा. त्यांत पॅलॅडियम असतं, म्हणून भंगारवाले तेच आधी तोडतात. ते नसले की यंत्र चालू होतं, पण मधेच अडकतं. जागोजागी ०.१ मायक्रोफॅरडचे साधे सिरॅमिक लावले तरी भागतं.