फोटोंसाठी सॉफ्टवेअर निवडताय? आधी या चुका टाळा

फोटोंची संख्या तीस-चाळीस हजारांवर गेली की माणूस सॉफ्टवेअर शोधायला लागतो, आणि हमखास एकच गोष्ट पाहून भाळतो: चेहरे ओळखतं का? चेहरे आता बहुतेक सगळीच बऱ्यापैकी ओळखतात. मी आधी दुसरंच विचारतो. रात्री जागून मी जी नावं, टॅग आणि मथळे भरणार, ते राहणार कुठे? फोटोच्या फाइलमध्ये, की त्या सॉफ्टवेअरच्या डेटाबेसमध्ये?

पिकासा या गुगलच्या फोटो सॉफ्टवेअरचं उदाहरण घ्या. गुगलने ते २०१६ साली बंद केलं. जेपीईजी फोटोंना दिलेले मथळे पिकासा फाइलमध्येच लिहायचं, म्हणून ते आजही इतर सॉफ्टवेअरमध्ये दिसतात. अल्बम मात्र त्याच्या स्वतःच्या नोंदींत होते, ते तिथेच अडकले.

कॅमेरा तारीख, वेळ, लेन्स ही माहिती ‘एक्झिफ’ म्हणून फाइलमध्येच लिहितो. आपण भरतो त्या माहितीसाठी दोन ठरलेल्या पद्धती आहेत: जुनी आयपीटीसी, आणि ॲडोबीने २००१ मध्ये आणलेली एक्सएमपी. तुमचं सॉफ्टवेअर या पद्धती वापरतं का, हे सेटिंगमध्ये जाऊन बघा. ॲडोबीचं लाइटरूम क्लासिक ही सगळी माहिती आपल्या कॅटलॉगमध्ये, म्हणजे डेटाबेसमध्ये ठेवतं. बदल एक्सएमपीत आपोआप लिहिण्याचा पर्याय मुळात बंद असतो. तो चालू केला तरी कलेक्शन, म्हणजे लाइटरूममधले अल्बम, बाहेर पडत नाहीत. म्हणून महत्त्वाची वर्गवारी मी अल्बमने करत नाही, टॅगने करतो. डिजिकॅम हे सॉफ्टवेअर मोफत आहे आणि माहिती फाइलमध्ये लिहायची की शेजारी वेगळ्या एक्सएमपी फाइलमध्ये, हे तुमच्यावर सोडतं. दिसायला जरा रुक्ष आहे, पण मला चालतं.

दुसरी चूक म्हणजे चाचणी न घेता सगळा गठ्ठा आत ओतणं. आधी दोनशे फोटोंची प्रत काढा. त्यांना टॅग, तारे, मथळे द्या, एखादी तारीख बदला, मग तेच फोटो दुसऱ्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडा. जे दिसेल तेवढंच तुमचं! ही चाचणी मराठीत टॅग देऊन करा. जुन्या आयपीटीसी पद्धतीत एका टॅगला ६४ बाइटची मर्यादा आहे आणि यूटीएफ-८ या अक्षरं साठवण्याच्या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट खातं. काना-मात्रा-वेलांट्यासुद्धा वेगळ्या मोजल्या जातात, त्यामुळे एकवीस चिन्हांतच मर्यादा संपते. टॅग अर्धा तुटला किंवा त्याजागी प्रश्नचिन्हं उमटली, तर फोटो खराब झाला असं समजू नका. जुनी पद्धत आड आली असण्याची शक्यता जास्त.

तारखांचा घोळ सॉफ्टवेअर बदलून सुटत नाही. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेल्या चित्रातून एक्झिफ निघून जातं. अँड्रॉइडवर फाइलच्या नावात तारीख असते खरी, पण ती फोटो काढल्याची नव्हे. स्कॅन केलेल्या जुन्या फोटोंना स्कॅनची तारीख चिकटते, आणि आजीच्या तरुणपणचा फोटो गेल्या महिन्यात जाऊन बसतो. मी स्वतः एकदा फाइलची तारीख खरी मानून सगळे फोटो वर्षवार फोल्डरमध्ये हलवले होते. आधी कधीतरी कॉपी करताना ती तारीख बदलली होती, आणि सात वर्षांचे फोटो एकाच वर्षात कोंबले गेले. हलवण्याआधी एक्झिफमधली ‘मूळ तारीख’ तपासा, नसेल तर भरा. एक्झिफटूल नावाच्या मोफत साधनाने हे हजारो फाइलींवर एकदम करता येतं. मात्र प्रत ठेवूनच.

क्लाउडला बॅकअप समजणं ही चूक सगळ्यांत महागात पडते. सिंक चालू असताना एका यंत्रावर पुसलेला फोटो सगळीकडून पुसला जातो. ॲपलच्या फोटोजमध्ये ‘ऑप्टिमाइझ स्टोरेज’ चालू असेल, तर मॅकवर काही फोटोंच्या फक्त लहान आवृत्त्या उरलेल्या असू शकतात. ती लायब्ररी बाहेरच्या डिस्कवर कॉपी केली, तरी त्यांच्या मूळ फाइली तिच्यात नसतात. गुगल फोटोजमधून ‘टेकआउट’ केल्यावर, म्हणजे आपले फोटो उतरवून घेतल्यावर, सोबत जेसन नावाच्या मजकूर-फाइलींचा ढीग येतो. तो कचरा नव्हे, गुगल फोटोजमध्ये लिहिलेली वर्णनं त्यात असतात.

डुप्लिकेट पुसण्याची घाई नको. बाइटन्‌बाइट सारख्या फाइली आणि ‘दिसायला सारखे’ फोटो यांत फरक आहे. ‘दिसायला सारख्या’ फोटोंत एकापाठोपाठ काढलेले फोटो, संपादित प्रत आणि रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) व जेपीईजीची जोडी असं सगळंच येतं. आयफोनच्या लाइव्ह फोटोची छोटी व्हिडिओ फाइलही अनावश्यक समजून पुसली जाते.

आणि एके दिवशी सगळ्या फोटोंवर प्रश्नचिन्ह किंवा ‘फाइल सापडत नाही’ असं दिसलं, तर घाबरून पुन्हा इम्पोर्ट करू नका. त्याने जुन्या नोंदी तशाच राहतात आणि शेजारी नव्या, कोऱ्या नोंदी तयार होतात. बहुधा तुम्ही फोल्डर सॉफ्टवेअरच्या बाहेरून हलवलेला असतो किंवा त्याचं नाव बदललेलं असतं. विंडोजमध्ये कधी बाहेरच्या डिस्कला दिलेलं अक्षरच (ई, एफ वगैरे) बदलतं. फोल्डर जुन्या जागी, जुन्या नावाने ठेवून बघा. नाहीतर लाइटरूम क्लासिकमध्ये हरवलेल्या फोल्डरवर राइट-क्लिक करून ‘फाइंड मिसिंग फोल्डर’ निवडा आणि नवी जागा दाखवा. वरचा फोल्डर सापडला की आतले बहुतेक आपोआप जागेवर येतात.